कंट्रोलर साहेबांची दुसरी चूल

आमचे घरमालक रोज सकाळी अंघोळ झाली की अंगणात उभे राहून स्वतःच्या जेवणाची घोषणा करायचे. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा थोड्याच वेळात ताटावर लागत आहे." ऐकायला प्रवासी म्हणजे वरच्या मजल्यावर मी, लिंबावरच्या खारी आणि गल्लीतून जाणारा असेल तो. हिंगोलीच्या बसस्टँडावर जन्म काढलेला माणूस. नोकरी वाहतूक नियंत्रकाची, म्हणून सगळी गल्ली त्यांना कंट्रोलर साहेब म्हणायची. निवृत्तीनंतर खुर्ची सुटली, माईक सुटला, पण घशातला भोंगा काही सुटला नाही.

मी तेव्हा लहान होते. चौसष्ट वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी समोर दिसेल त्याला हाताची घडी, तोंडावर बोट करायला लावायची खोड गेली नव्हती. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या पोरीची मला कीव येते. तिला सगळं कळायचं.

कंट्रोलर साहेबांचं बोलणं अर्धं घरचं आणि अर्धं फलाटावरचं. गल्लीत कोणी वारलं तर म्हणायचे, "त्यांची गाडी लागली." दूधवाल्याला उशीर झाला तर दारातच त्याच्या वतीनं दिलगिरी व्यक्त करायचे. आणि नको तो विषय निघाला की एकच वाक्य, "चौकशी खिडकी बंद हाय." मग कलेक्टर आला तरी पुढं उत्तर मिळायचं नाही.

मूळचे नरसीचे. गळ्यात तुळशीची माळ, तीही आज्यापासून चालत आलेली. मटणाच्या दुकानावरून जायची वेळ आली तर उन्हातान्हात लांबच्या रस्त्यानं जातील, पण वास घेणार नाहीत. मात्र दुसऱ्याला शिकवायला कधी गेले नाहीत. ड्रायव्हर-कंडक्टर लोक पार्टी करायचे तेव्हा हे बाहेर बाकावर बसून सगळ्यांच्या चपला राखायचे.

त्यांची सून सेनगावकडच्या एका तांड्यावरची. पोरानं स्वतः पसंत केलेली. नाकं मुरडणाऱ्या भाऊबंदांना कंट्रोलर साहेबांनी मांडवातच सांगितलं, "चौकशी खिडकी बंद हाय. जेवायचं तर जेवा." जात त्या माणसानं पाण्याच्या घोटासारखी गिळली. घास अडकला तो पुढं, एका पातेल्यापाशी.

सुनेचं बाळंतपण हिंगोलीतच झालं, दवाखाना जवळ म्हणून. सून पार वाळून गेली होती. तिची आई तांड्यावरून आली ती पातेलं, मसाला आणि बकऱ्याचे पाय घेऊन. बाळंतिणीला पायाचं सूप द्यायचं. ती बिचारी म्हणाली, घरात नाही शिजवत, अंगणात लिंबाखाली तीन दगड मांडते. माळकऱ्याच्या घरात आमच्याकडं अशीच वाट काढतात. घरातली चूल सोवळी. बाहेर तीन दगडांवर ज्याला खायचं त्यानं शिजवावं, भांडी राखेनं घासावीत, गोठ्यात पालथी घालावीत. त्यानं कोणाचा देव रुसल्याचं मी ऐकलेलं नाही. पण कंट्रोलर साहेब दारात आडवे झाले.

"अंगण बी माझंच हाय. या घरात चूल एक. दुसरी पेटणार न्हाई."

"बापू, माझ्यासाठी न्हाई, तिच्यासाठी हाय," पोरगा म्हणाला.

"कोणासाठी का असंना."

दुसऱ्या दिवशी पोरगा बायको-लेकरू घेऊन स्टँडवर गेला. कंट्रोलर साहेब ड्युटीवर. पुण्याची गाडी लागली. घोषणा करणं भाग होतं. त्यांनी फलाट सांगितला, मार्ग सांगितला, थांबे सांगितले. एक अक्षर अडखळलं नाही. तिथली माणसं नंतर सांगायची, इतकी खणखणीत घोषणा साहेबांनी जन्मात केली नव्हती. गाडी गेली. बायको आधीच वारलेली होती. घरात एक चूल राहिली आणि एक माणूस. पोराचा फोन वाजला की हे वाजणाऱ्या फोनला सांगायचे, "खिडकी बंद." हळूहळू फोन वाजायचा थांबला.

मी तेव्हा वरच राहायचे. भाडेकरूनं घरमालकाच्या भानगडीत पडू नये, असं माझं ठाम मत होतं. ते मत मी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं.

सुनेचा फोन मात्र मला यायचा, दिवाळीला, संक्रांतीला. अशी बरीच वर्षं गेली. एकदा म्हणाली, "बाई, मामंजी दिवसभर काय करतात?"

"जेवणाची घोषणा करतात आणि जेवतात."

ती म्हणाली, "आमच्या लेकीला आजोबा पाहायचेत. हे म्हणतात, बापूनं स्वतःच्या तोंडानं 'या' म्हटल्याशिवाय त्या घरात पाय ठेवणार नाही. आणि मामंजी तर फोनच घेत नाहीत. बाई, मी एक कॉम्प्युटर पाठवते तुमच्या नावावर. त्यात एक खेळ आहे. माझा आहे म्हणून सांगू नका."

कॉम्प्युटर ट्रॅव्हल्सच्या गाडीनं आला. कंट्रोलर साहेबांना ट्रॅव्हल्स म्हणजे सवत. त्यामुळे खोक्याकडं त्यांनी आधीच वाकड्या नजरेनं पाहिलं. मी म्हटलं, "वर पत्र्याखाली मशीन तापेल. तुमच्या ओसरीत ठेवते."

"ठेवा. सामानाची जबाबदारी प्रवाशाची राहील."

मला भारी आत्मविश्वास होता. नोकरीत असताना कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. वेतनवाढ अडली असती, म्हणून सगळ्याच शिक्षकांनी केला होता. त्यातलं कॉम्प्युटर बंद कसा करायचा तेवढं मला पक्कं आठवत होतं. मोबाइलच्या दुकानातल्या माणसानं जोडणी करून दिली, इंटरनेट लावून दिलं आणि ओसरीत उत्तर ध्रुवाकडचं एक जंगल उगवलं.

खेळ व्हायकिंग लोकांचा. म्हणजे नॉर्वेकडचे जुने दर्यावर्दी, दाढ्यांच्या वेण्या घालणारे. सुरुवातीलाच एक मोठं पाखरू तुम्हाला रानात आणून टाकतं. अंगावर चिंध्या, हातात काही नाही. मग एक काळा कावळा येऊन दगडावर बसतो आणि काय करायचं ते सांगतो. कंट्रोलर साहेब मागे उभे राहून पाहत होते.

"कावळा बोलून राहिला," ते म्हणाले. "म्हंजे आपण मेलेलेच हाओत."

हसू नका, खरंच तसं आहे. त्या खेळात तुम्ही मेलेला योद्धा असता. देवांनी पुन्हा एका रानात सोडलेला. हे मला सुनेनं नंतर सांगितलं. त्यांनी एका कावळ्यावरून ओळखलं.

मी शाळेतल्या बाईच्या ऐटीत दगडाची कुऱ्हाड बनवली आणि एक झाड तोडायला लागले.

"बाई, उताराच्या बाजूला उभं राहून काहून तोडून राहिल्या? अंगावर येईल."

"खेळातलं झाड आहे हो!"

खेळातलं झाड माझ्या अंगावर पडलं आणि मी मेले. कंट्रोलर साहेब हसले. पोराची गाडी गेल्यापासून तो आवाज त्या घरात कोणी ऐकला नव्हता. खारीसुद्धा लिंबावर वर पळाल्या. त्यांनी खुर्ची ओढली. "उठा. चालक बदला."

त्यानंतर मला खुर्ची कधी मिळाली नाही.

लोक विचारतात, त्या खेळात इतकं असतं काय? मी सांगते, त्यात कोणी काही करायला लावत नाही. लाकूड आणा न आणा. घर बांधा न बांधा. पण बांधलं तर त्याचं वजन खरं असतं. खांबाचा आधार नसेल तर वरचं आढं कोसळतं. आत शेकोटी पेटवली आणि धूर जायला वाट ठेवली नाही, तर घरधनी स्वतःच्याच घरात गुदमरून मरतो. छपराखाली, विस्तवापाशी थोडा वेळ बसलं की अंगात ताकद येते, नुसतं बसल्यानं. मधाच्या पोळ्याला जाऊन विचारलं तर मधमाश्या खूश आहेत असं उत्तर मिळतं. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडणाऱ्या माणसाला स्वतःचं घर पहिल्या खांबापासून उभं करायला मिळालं, आणि कोपऱ्यातल्या मधमाश्याही खूश. मग तो कशाला उठतो?

आणि मरण. त्या खेळात मरणाला फार किंमत नाही, सामानाला आहे. तुम्ही जिथं मेलात तिथं एक दगड उभा राहतो आणि तुमचं सगळं सामान त्यापाशी पडून राहतं. तुम्ही घरी जागे होता, उघडेबंब. मग त्याच धोक्याच्या वाटेनं परत जायचं आणि आपलं गाठोडं उचलायचं. कंट्रोलर साहेबांना हे फार पटलं. "मरण म्हंजे काय बाई, सामान इसरून उतरलेला प्रवासी. परत यायचं, घेऊन जायचं."

ते मरायचेही फार. कारण ती माळ.

व्हायकिंगांचं जेवण म्हणजे रानडुक्कर आणि हरीण. भाजून खा, अंगात बळ येतं, मोठमोठ्या राक्षसांशी लढता येतं. कंट्रोलर साहेबांनी एका डुकराला हात लावला नाही.

"अहो, खेळ आहे," मी म्हणाले. चौसष्टची पोर, तिला वाद जिंकायचा असायचा.

"माळ खेळातल्या पुरती काढून ठिवायची असती काय?"

त्यामुळे सगळ्या व्हायकिंगांत हा एकटा दाढीवाला रानातली बोरं, मध आणि गाजरं खाऊन हिंडायचा. अळिंबी पहिल्यांदा नाकारली, कुत्र्याची छत्री म्हणून. मग उपास घडायला लागल्यावर तेवढी मान्य केली. अंगात ताकद बेताची, त्यामुळे त्या रानातला एक निळा राक्षस ह्यांना एका फटक्यात लोळवायचा. हे पुन्हा चिंध्यांत उठायचे, गाठोडं आणायला निघायचे आणि तोंडानं, "होणाऱ्या तकलीफीबद्दल क्षमस्व."

पहिल्याच आठवड्यात त्या रानात दुसरा माणूस आला. तांबड्या दाढीचा, खांद्यावर कुऱ्हाड. मी सांगितलं, "माझा पुण्याचा भाचा." ती सून होती.

दुपारी जेवण झालं की हे खुर्चीत बसायचे आणि तिकडं पुण्यात कामातून सवड मिळाली की ती यायची. बोलणं नाही. नुसतं काम. हे खांब रोवायचे, ती छप्पर घालायची. हे गाजरं लावायचे, ती कुंपण करायची. खेळात इथून तिथं क्षणात पोचवणारं जादूचं दार असतं, पण लोखंड त्यातून येत नाही, होडीतूनच आणावं लागतं. मग दोघं होडी घेऊन निघायची. वाऱ्याची दिशा पाहून शीड फिरवायचं काम ह्यांचं. समुद्र ह्यांनी जन्मात पाहिला नव्हता. "वारं अन् गर्दी," म्हणायचे, "दोन्ही ज्या अंगानं येती तिकडं तोंड करून न्हाई उभं ऱ्हायचं."

मी रोज संध्याकाळी वर जाऊन, दार लावून, सुनेला फोनवर सगळा वृत्तांत द्यायचे. गुप्तहेराचं काम. अगदी कुजबुजत.

एका दुपारी तांबड्या दाढीनं रानडुक्कर मारलं आणि सरळ घरातल्या शेकोटीवर मांस भाजायला लावलं. सवयीनं लावलं असेल. घरात धूर भरला. कंट्रोलर साहेबांनी काही केलं नाही. आपला माणूस उठवला आणि बाहेर पावसात नेऊन उभा केला. तसाच उभा ठेवला. पडद्यावर तो भिजून थरथरत होता आणि इकडं हे खुर्चीत हाताची घडी घालून बसलेले. मी म्हटलं झालं, ही गाडी पण गेली.

संध्याकाळी फोनवर ती म्हणाली, "बाई, मी चुकले. आता ते परत बसतील का खेळायला?"

"मला काय माहीत," मी म्हणाले. तेव्हा मला एरवी सगळं माहीत असायचं.

दुसऱ्या दिवशी हे खुर्चीत बसले. बसले एवढंच पाहून मी देवाला हात जोडले. पडद्यावर घरापासून थोडं दूर, वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला, एक नवी खोपी उभी होती. आत तीन दगड आणि त्यात शेकोटी. मांस भाजायच्या काठ्या तिकडं हलवलेल्या. घरातली शेकोटी झाडून पुसून मोकळी.

कंट्रोलर साहेब त्या खोपीभोवती फिरले. एकदा, पुन्हा एकदा. मला वाटलं आता पाडतात.

"छप्पर ठेंगणं झालं," ते म्हणाले. "धूर कोंडल. भाजणारा मरल आत."

त्यांनी रानातून लाकूड आणलं, आढं उंच केलं, वर धुराला वाट ठेवली. मग बाजूला जळणाची चळत रचून दिली. जन्मात ज्यानं मटणाच्या दुकानावरून रस्ता धरला नाही, तो माणूस दुसऱ्याच्या चुलीचं छप्पर दुरुस्त करत होता. तेव्हापासून रोज खेळ सुरू केला की पहिलं काम तेच. त्या चुलीपाशी जळण आहे का पाहायचं, नसेल तर आणून ठेवायचं. मग स्वतः लांब मधाच्या पोळ्यापाशी जाऊन बसायचे.

मी एवढ्या मोठ्या घटनेचा अहवाल वर जाऊन कुजबुजत दिला. पलीकडं ती नुसती रडत होती.

पुढं बरेच दिवस असेच गेले. मग एका दुपारी दोघं होडीनं लांबच्या काठाला उतरली होती. ह्यांच्या पाठीवर मध, गाजरं, लोखंड, सगळा जन्माचा जामानिमा. तांबड्या दाढीचा माणूस एका जागी थांबला. पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली.

"मामंजी, आम्ही येऊ का? तिघं."

मी घाईघाईनं म्हणाले, "अहो, तो माझा भाचा ना, चेष्टेखोर आहे फार."

कंट्रोलर साहेबांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला.

"बाई," ते म्हणाले, "तुमचा आवाज स्टँडला असता तर माईक लागला नसता. पैल्याच दिवशी कळलं मला. मलाच न्हाई, समोरच्या किराणावाल्याला बी माहीत हाय. रोज संध्याकाळी दुकानापुढं उभं ऱ्हाऊन ऐकतो तो. इच्चारतो मला, साहेब, आज निळ्यानं मारलं की न्हाई?"

मी चाळीस पोरांच्या वर्गाला हयातभर ओरडून शिकवलेली बाई. माझी कुजबुज पत्र्यातून गल्लीभर जात होती आणि मी आपली दार लावून हेरगिरी करत होते.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग इतके दिवस बोलला काहून नाहीत?"

"बोललो असतो तर खेळ बंद पडला असता." ते पडद्याकडं पाहत राहिले. मग बोट दाखवून म्हणाले, "ते अक्षरं कुठून काढाची? 'या' लिहाचं हाय."

मी बटण दाबून जागा दाखवली. त्यांनी एका बोटानं लिहिलं. लिहून झाल्यावर स्वतःच मोठ्यानं वाचलं. मग मला सुनेचा नंबर लावायला लावला, माझ्या हातातला फोन घेतला आणि तिला म्हणाले, "त्याला दे." पलीकडं पोरगा आला असावा. हे एवढंच बोलले, "या." आणि फोन मला परत.

पडद्यावरचा त्यांचा माणूस तसाच त्या लांबच्या काठावर उभा होता. हे खुर्चीतून उठले आणि अंगणात गेले.

मी पाहते तर मागून निळा राक्षस येऊन राहिलेला. "साहेब! अहो साहेब, या की, मेलात!"

"मरू द्या," अंगणातून आवाज आला. "बाई, चुलीजोगे तीन दगड कुठं टाकलते आपण?"

ती तिघं रविवारी आली. कंट्रोलर साहेबांनी लिंबाखाली तीन दगड आधीच मांडून ठेवले होते. मातीची चिमूट हवेत उडवून वारं कुठून येतं ते पाहिलं, मग दगड थोडे सरकवले. पोरगा मटण घेऊन दाराबाहेर उभा, पिशवी पाठीमागं लपवलेली. इतका मोठा झाला, केस पिकायला लागले, तरी पिशवी पाठीमागं.

"आत ये. तिथं काहून उभा ऱ्हायला?"

पोराला तीन दगडांवर जाळ करता येईना. पुण्याच्या गॅसला सवकलेला हात. धूर सगळा त्याच्या तोंडावर. हे तुळशीपाशी बसून पाहत होते. शेवटी उठले. "व्हय बाजूला. वाऱ्याकडं तोंड काहून केलंस चुलीचं? मरशील." वाकून काटक्या रचल्या, फुंकर घातली, जाळ केला. जाळ धरल्यावर हात धुतले आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आपलं भाकरी-पिठलं घेऊन बसले. सुनेनं लांबूनच नमस्कार केला, हात मटणाच्या मसाल्यानं भरलेले होते म्हणून. नात आजोबांपाशी बसली, पिठलं खाल्लं, उठून आईपाशी गेली, रस्सा खाल्ला, परत आजोबांपाशी. दोन्ही फलाटांवर तिचीच गाडी.

मला विचारलं कुठं बसता. मी दोन्हीकडं जेवले. चौसष्टाव्या वर्षी पचनशक्ती चांगली असते.

आता कंट्रोलर साहेब पुण्यात असतात. घराची किल्ली माझ्याकडं आहे, कॉम्प्युटरही माझ्याकडं आणि खुर्चीही एकदाची मिळाली. मी अजून उताराच्या बाजूला उभी राहून झाडं तोडते. कधी होडी घेऊन त्या लांबच्या काठाला गेले तर तिथं त्यांचा दगड उभा दिसतो. त्यापाशी सगळं जसंच्या तसं पडलेलं: मध, गाजरं, एवढ्या तकलीफीनं आणलेलं लोखंड. ते परत न्यायला आलेच नाहीत.

परवा फोन केला. "साहेब, तुमचं सामान अजून तिथंच आहे. आणून ठेवू काय घरात?"

पलीकडं फोडणीचा आवाज येत होता. कोणत्या चुलीवरची ते मी विचारलं नाही. त्यांनी घसा खाकरला आणि स्टँडवरच्या आवाजात सांगितलं,

"ऱ्हाऊ द्या. प्रवासी उतरून घरी पोचला हाय."